सोंगाची वाट: गावच्या शिवेपासून शहरातल्या रस्त्यापर्यंत

मुंबईच्या फोर्ट भागात जानेवारी-फेब्रुवारीत नऊ दिवस काळा घोडा कला महोत्सव भरतो. 1999 पासूनचा. ज्या काळ्या घोड्यावरून हे नाव पडलं, तो एडवर्ड सातव्याचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्येच तिथून उचलून राणीच्या बागेत नेला होता. नाव मात्र चिकटून राहिलं, आणि 2017 मध्ये त्या चौकात नवा घोडा आला तो स्वाराविनाच. महोत्सवात रस्ता गाड्यांना बंद होतो. लोक नटूनथटून येतात, चेहरे रंगवून घेतात, पथनाट्याच्या रिंगणात उभे राहतात. शिकायला तिकडे गेलेली पोरं फोटो पाठवतात, आणि पूर्व विदर्भातल्या लाखांदूर-अर्जुनीकडचा एखादा आजोबा मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणतो, "हे तं आपल्या मंडईतलंच सोंग!"

मंडई म्हणजे तिकडची गावजत्रा. आजोबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण पुरतं बरोबरही नाही.

विदर्भात सणाला नटायचा पहिला मान माणसाचा नाही, बैलाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून त्याची खांदशेकणी होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं त्याला रीतसर सांगितलं जातं. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, मठाठ्या, घुंगुरमाळा. मालक स्वतः धुतलेलं धोतर नेसला की झालं. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. यमकं जुळवून कोणी सावकाराला, कोणी पाटलाला, कोणी शेजाऱ्याच्या मरतुकड्या जोडीला चिमटा काढतो आणि शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणून सगळं माफ. वर्षभर ज्याच्यासमोर मान खाली, त्याला त्या एका संध्याकाळी भरल्या गावात बोलायची मुभा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, उचलून पोरं शिवेकडे पळतात. रोगराई, ढेकूण, खोकला, जे जे नको ते सगळं "घेऊन जाय गे मारबत" म्हणत गावाबाहेर टाकायचं, जाळायचं. गोंदिया-भंडाऱ्याकडे काही गावांत तिला नारबोद म्हणतात. नागपूरची मारबतीची जगप्रसिद्ध मिरवणूक हे याच पहाटेचं शहरातलं रूप आहे, असं मला वाटतं. तिथल्या काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची, पिवळीची 1885 पासूनची सांगतात. काळी मारबत ही भोसले घराण्यातल्या बाकाबाईची प्रतिमा, इंग्रजांना मिळाल्याचा राग लोकांनी असा काढला, ही कथा नागपुरात सगळ्यांना ठाऊक. पण कथा काहीही असो, हाक तीच: घेऊन जाय गे. शिवेवर फांदी होती, नागपूरच्या इतवारीत बांबू-कागदाची बाई झाली, आणि तिच्यामागे बडगे आले. बडगा म्हणजे पुरुषाचा पुतळा. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी त्या वर्षी गाजलेल्या पुढाऱ्याचा. झडतीतला चिमटा इथे माणसाच्या उंचीहून मोठा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं प्रेक्षक म्हणावीत तर तीही ओरडत असतात.

त्याच दिवशी तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केल्याचं सांगितलं जातं. लाकडी नंदी ओढत पोरं घरोघरी जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. आता त्याला वेशभूषा स्पर्धाही जोडलेली असते. फडकं गुंडाळलेला, हातात खराटा घेतलेला एक तरी गाडगेबाबा प्रत्येक तान्ह्या पोळ्यात सापडतोच, आणि बक्षीसही बहुधा त्यालाच मिळतं.

आजोबांची मंडई दिवाळीनंतरची. धान कापणीला आलेलं किंवा नुकतंच बांधीत पडलेलं असतं, बलिप्रतिपदेला गायगोधन, म्हणजे गाईगुरांची पूजा, होऊन गेलेलं असतं, आणि भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धान-जंगलाच्या पट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. लेकीजावई येतात. तिथेच दंडार आणि खडी गंमत, ही इथली नाच-गाण्याची लोकनाट्यं. खडी गंमत ही नावाप्रमाणे उभ्याउभ्याच चालते. डफ, ढोलकी, तुणतुणं, शाहीर आणि लुगडं नेसलेला नाच्या. लुगडं आईचं किंवा वहिनीचं, रंग म्हणजे सफेदा, काजळ, कुंकू. बायकांची कामं पुरुषच करत. खऱ्या बायका ओट्यावरून पाहत. त्यांच्या वाट्याला भुलाबाईची गाणी होती, पण ती अंगणातली, रस्त्यावरची नव्हे. हौशीने सामील होण्याचं कौतुक करताना ही बाजू सोयीस्करपणे विसरली जाते.

आणि सोंग म्हणजे हौसच, असंही सगळीकडे नव्हतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या दक्षिण टोकाला, आदिलाबादला लागून असलेल्या गोंड वस्त्यांत दिवाळीला दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची टोळी, निघते. तिच्यातला घुसाडी अंगाला राख फासतो, मोरपिसांचा भला मोठा मुकुट घालतो. सण संपेपर्यंत तो आंघोळ करत नाही. तेवढे दिवस तो अमक्याचा मुलगा नसतो, देव असतो, आणि ज्या गावात दंडारी जाते ते गाव तिला जेवू घालतं. याला फॅन्सी ड्रेस म्हणून पाहावं?

शहर आणि गाव यांच्यामधला दुवा पुढे दोन ठिकाणी बसला. एक वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथे मंडईतल्या दंडारीच्या मातीतून झाडीपट्टीची नाटकं धंदा म्हणून उभी राहिली. भाड्याची ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे पोशाख, आली, नागपूरच्या नट्या आल्या, लुगडं नेसणारा पुरुष हळूहळू मागे पडला. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरं ठिकाण नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, ऐंशीच्या दशकातलं. त्याच्या मेळ्यांमुळे लोककलेचे संच शहरातल्या मंचावर जाऊ लागले. मानधन मिळालं, नाव झालं, ते चांगलंच. मात्र रात्रभर चालणारी गोष्ट मोजक्या मिनिटांत बसवावी लागते. नमन आटोपतं न आटोपतं, तोच निवेदक पुढच्या संचाचं नाव घेतो.

मंडईत तसं नसतं. तिथे नाच्या नाचत असताना मधूनच कोणी उठून नोट दाखवतो, शाहीर त्याचं नाव गाण्यात ओवतो, आणि पाहणाऱ्यांतलाच एखादा डोक्यावर दुपट्टा घेऊन आत शिरतो. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. त्याला बाहेरही कोणी काढत नाही. फार तर त्याची बायको ओट्यावरून ओरडते.