प्रक्रिया केलेले व्हीगन पदार्थ आणि रक्तशर्करा

दूध, तूप, मध, अंडी, मांस यांपैकी काहीही न वापरता कारखान्यात तयार होणारे ओट्सचे पेय, सोयाबीन वडी, सोया चाप, वनस्पतिजन्य चीज, गोठवलेले नगेट, फुगवलेल्या धान्याचे खाऊ अशा पदार्थांचा रक्तातील ग्लुकोजवर होणारा परिणाम. भारतात 2022 च्या व्हीगन अन्न विनियमांनुसार अशा वेष्टनावर हिरवे व्हीगन चिन्ह छापता येते. आत प्राणिज घटक नाही, एवढीच हमी ते देते. साखर किती चढेल हे त्या चिन्हावरून कळत नाही, आणि मधुमेह असलेल्यांची गफलत नेमकी इथेच होते.

साखर किती वेगाने चढते हे पदार्थातील स्टार्चवर काय प्रक्रिया झाली यावर बरेच अवलंबून असते. अख्ख्या हरभऱ्यात स्टार्च पेशींच्या भिंतींत बंद राहतो आणि सावकाश पचतो. दळले की भिंती फुटतात. उष्णता आणि दाबाखाली पिठाला फुगवले की स्टार्चचे कण फुलतात, पाचकरस त्यांच्यापर्यंत लगेच पोहोचतात. म्हणून मुरमुरे किंवा कॉर्नफ्लेक्स तोंडात विरघळतात आणि साखरही तितक्याच झपाट्याने वर नेतात. ग्लायसेमिक निर्देशांक (एखादा पदार्थ ग्लुकोजच्या तुलनेत रक्तातील साखर किती चढवतो याचे, टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडलेले माप) 55 पर्यंत कमी आणि 70 पासून पुढे जास्त समजतात. फुगवलेली धान्ये बहुधा दुसऱ्या गटात मोडतात.

सर्वांत जास्त फसवते ते ओट्सचे पेय. ते करताना ओट्सच्या लगद्यात अमायलेज हे विकर घालतात. त्याने स्टार्च तुटून माल्टोज या प्रकारची शर्करा तयार होते. म्हणूनच साखर न घालताही पेय गोडसर लागते. माल्टोजचा निर्देशांक सुमारे 105 आहे, साध्या साखरेचा 65 च्या आसपास. 200 मिली ओट्स पेयात साधारण 12 ते 16 ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच गायीच्या दुधात सुमारे 10 ग्रॅम लॅक्टोज (दुधातील शर्करा) असते, पण ती हळू पचते. बिनसाखरेचे सोया पेय या बाबतीत बरेच चांगले: कर्बोदके थोडी, प्रथिने भरपूर. बिनसाखरेच्या बदाम पेयाने साखर फारशी चढत नाही, मात्र त्यातून प्रथिनेही जवळजवळ मिळत नाहीत.

सोयाबीन वडी तेल काढलेल्या सोयापिठापासून बनते. कोरड्या 100 ग्रॅम वडीत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सुमारे 33 ग्रॅम कर्बोदकांतही बराच वाटा तंतूंचा. सावजी रश्श्यात ही वडी घातली तर साखर चढवतो तो सोबतचा भात. सोया चापची गोष्ट निराळी. त्यात मैदा बराच असतो. नगेटच्या बाहेरच्या कवचात मैदा आणि कॉर्नफ्लोअर असते. वनस्पतिजन्य चीज अनेकदा टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च आणि खोबरेल तेल यांचेच असते, प्रथिने नावापुरती. तळलेल्या किंवा तेलकट पदार्थात आणखी एक अडचण येते: चरबीमुळे जठर उशिरा रिकामे होते, दोन तासांनी आकडा ठीक दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला वर जातो. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

नागपूरच्या घरांत मुळातच व्हीगन असलेले पदार्थ पुष्कळ आहेत, आणि पाकिटातील नगेटपेक्षा बेसनाची पाटोडी-रस्सा किंवा झुणका रक्तशर्करेला बहुधा जास्त मानवतो. तर्री पोह्यांत पोहे भिजवून, भाजून, चेपलेले असल्याने लवकर पचतात. हरभरे तो वेग कमी करतात. पोहे अर्धे आणि तर्रीतले हरभरे दुप्पट घ्यावेत. वर तर्रीचा नुसता तेलाचा तवंग ओतून घेतल्याने हा फायदा मिळत नाही.

वेष्टन वाचताना ‘शर्करा’ या ओळीवर थांबू नये. एकूण कर्बोदके पाहावीत आणि आपण प्रत्यक्ष किती खाणार त्याने गुणावीत. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली भुकटी) शर्करेच्या ओळीत धरले जात नाही, तरी ते ग्लुकोजइतक्याच वेगाने रक्तात उतरते. 100 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमपर्यंत शर्करा असली तरी ‘शुगर फ्री’ लिहिता येते, मग स्टार्च कितीही असो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिल्या तिनांत मैदा, स्टार्च, तांदळाचे पीठ किंवा सिरप असेल तर तो पदार्थ पोळी-भाताच्या जागी मोजावा, भाजी-वरणाच्या नव्हे.

नवा पदार्थ पारखण्यासाठी ग्लुकोमीटरने खाण्याआधी, पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी मोजावे. तेलकट असेल तर चार तासांनीही. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी जेवणानंतरचा आकडा 180 मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट असते. संत्रे सोललेल्या बोटातून रक्त घेतल्यास आकडा खोटा वाढतो आणि स्पिरिटचा बोळा फिरवून तो दोष जात नाही. वाहत्या पाण्याखाली हात धुऊन कोरडे करावेत. ग्लुकोमीटरच्या बहुतेक पट्ट्या 30 अंश सेल्सिअसखाली ठेवायच्या असतात, त्यामुळे मे महिन्यातल्या नागपुरात त्या गाडीच्या डिकीत किंवा खिडकीपाशी ठेवल्या तर बिघडतात.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए1सी चाचणीबाबत विदर्भात विशेष सावध राहावे लागते. इथे सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. वाहकांतही काही पद्धतींची मोजणी चुकते. उलट लोह किंवा बी12 जीवनसत्त्व कमी असल्यास तो फसवा जास्त येऊ शकतो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेतल्याने बी12 घटू शकते आणि व्हीगन आहारात ते बाहेरून घातल्याशिवाय मिळत नाही. ही दोन्ही कारणे एकत्र आली की पायांना मुंग्या येऊ शकतात आणि त्याचा दोष साखरेला दिला जाऊ शकतो. अशा व्यक्तीने वर्षातून एकदा रक्तातील बी12 तपासावे आणि एचबीए1सीच्या जोडीला ग्लुकोमीटरच्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात.