फिनलंडची शाळा: सुतारकामाच्या खोलीमागची दीडशे वर्षं

फिनलंडमधली प्राथमिक शाळा पाहायला आपल्याकडचे शिक्षक आता मोठ्या हौसेने जातात. दारातच बूट काढून मोज्यांवर वर्गात वावरणारी मुलं, पाऊण तासाचा तास झाला की पंधरा मिनिटं बाहेर खेळायची सुट्टी, शिक्षकांना नावाने मारलेली हाक, हे सगळं फोटोत छान येतं. मला मात्र त्या शाळेची खरी ओळख सुतारकामाच्या खोलीत होते असं वाटतं. भिंतीवर करवती, हातोड्या, पटाश्या. खाली लाकडाचा भुसा. नऊ-दहा वर्षांची मुलगी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून फळीची कड कानशीने घासते आहे. पलीकडे शिलाई मशिनं, आणि त्यावर मुलगेही बसलेले. आपल्या वेळापत्रकातही कार्यानुभवाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी तोच गणिताला दिला जातो. तिथे तो का टिकला?

त्याचं उत्तर उनो सिग्नेयुस या माणसापाशी जातं. १८१० साली जन्मलेला हा धर्मगुरू. तेव्हाच्या रशियन अलास्कातल्या सिटका इथे त्याने पाच वर्षं काढली, पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये शाळा चालवली. फिनलंड त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. खेड्यापाड्यातल्या लोकांना वाचता यायचं, कारण स्वीडिश राजवटीतल्या १६८६ च्या चर्च कायद्याने वाचन येणं धार्मिक कर्तव्य केलं होतं. पण सर्वसामान्यांसाठी शाळा जवळजवळ नव्हत्याच. त्या उभ्या करायच्या ठरल्यावर सिग्नेयुसला युरोपातल्या शाळा पाहायला पाठवलं गेलं. म्हणजे फिनलंडच्या शाळेची सुरुवातही एका अभ्यासदौऱ्यातूनच झाली!

तो दौऱ्यावरून स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सी आणि बालवाडीची कल्पना रुजवणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांचे विचार घेऊन आला, पण ते आपल्या मातीत रुजवले. मुलाने हाताने काम करावं ते पुढे सुतार व्हावं म्हणून नव्हे, तर हात, नजर आणि डोकं एकत्र घडावं म्हणून, ही त्याची धारणा. १८६६ च्या लोकशाळांच्या फर्मानात हस्तकाम शाळेचा सक्तीचा विषय झालं. जगात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधी तीन वर्षं, १८६३ मध्ये, युवास्क्युला इथे फिन्निश भाषेतलं पहिलं अध्यापक विद्यालय सुरू झालं होतं. तिथे पुरुषांबरोबर स्त्रियांनाही प्रवेश होता आणि विद्यालयाला जोडूनच सरावाची शाळा होती. शाळांआधी शिक्षक, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच विद्यालयाचं १९३४ मध्ये शिक्षणशास्त्राचं महाविद्यालय झालं आणि १९६६ मध्ये विद्यापीठ.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मात्र फिनलंडमध्ये बराच उशिरा आला. १९१७ चं स्वातंत्र्य, लगेच १९१८ चं रक्तरंजित यादवी युद्ध, आणि मग १९२१ चा कायदा. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम १९१७ मध्येच काढला होता, हे इथे आवर्जून सांगावंसं वाटतं. कागदावर आपण मागे नव्हतो. फरक पडला तो कायद्यानंतर काय होत गेलं यात.

शाळेतल्या जेवणाचंच बघा. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, फिनलंडने सर्व मुलांना शाळेत मोफत जेवण द्यायचा कायदा केला आणि १९४८ पासून तो सगळीकडे लागू झाला. देश तेव्हा गरीब होता. ताटात लापशी किंवा सूप असायचं, दूध आणि पाव मुलं घरून आणायची. शाळेच्या स्वयंपाकघरासाठी भाजी पिकवणं, रानातली बोरासारखी फळं गोळा करणं यातही मुलांचा हात असे. आज त्या हॉलमध्ये मुलं स्वतः वाढून घेतात आणि जेवण झालं की आपापली ताटं जागेवर ठेवतात. श्रीमंताचं पोरही तेच जेवतं.

पण शाळा सगळ्यांना सारखी नव्हती. चौथीनंतर, दहा-अकराव्या वर्षीच वाट फुटायची. निवडक मुलं फी भरून माध्यमिक शाळेत जायची आणि त्यांनाच पुढे विद्यापीठाचं दार उघडं असे. बाकीची लोकशाळेतच राहायची. खेड्यात तर जवळपास माध्यमिक शाळाच नसे. मुलांच्या या वेगळ्या वाटा बंद करण्यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. हुशार मुलांचं नुकसान होईल, दर्जा घसरेल, असं विरोधक म्हणत. अखेर १९६८ मध्ये कायदा झाला: सगळ्यांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा, ‘पेरुसकोउलु’. ती राजधानीत आधी आली नाही. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या दुर्गम लॅपलंडपासून सुरुवात झाली आणि दक्षिणेकडे सरकत १९७७ पर्यंत ती हेलसिंकीच्या परिसरात पोहोचली. तरी गणित आणि भाषांसाठी हुशार-कच्च्या मुलांचे वेगळे गट होतेच. ते १९८५ मध्ये मोडले.

एकाच वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं बसणार, तर शिकवणारा तितका तयार हवा. म्हणून प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण सत्तरच्या दशकात विद्यापीठांकडे गेलं आणि १९७९ पासून पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. सरकारचा धाक मात्र याही काळात कायम होता. अभ्यासक्रम वरून यायचा, पुस्तकं मंजूर करून घ्यावी लागायची, तपासणी व्हायची. नव्वदीच्या सुरुवातीला तपासणी आणि पुस्तकांची मंजुरी दोन्ही गेली. १९९४ च्या अभ्यासक्रमाने फक्त चौकट दिली, तपशील गावाने आणि शाळेने भरायचा होता. पाहुण्यांना दिसतं ते शिक्षकाचं मोकळेपण हे असं सर्वात शेवटी आलं. आपण दौऱ्यावरून नेमकं हेच आधी उचलायला बघतो आणि मग महिनाभरात वैतागतो.

२००० मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी पहिल्यांदा झाली आणि २००१ च्या अखेरीस निकाल लागला. वाचनात फिनलंड पहिला. पाहुण्यांची रीघ लागली ती तेव्हापासून. त्या चाचणीला बसलेली पंधरा वर्षांची मुलं साधारण १९९१ मध्ये शाळेत आली होती. म्हणजे हुशार-कच्च्याचे गट त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

पुढची गोष्ट पाहुण्यांना क्वचितच सांगितली जाते. याच चाचणीत गणितात २००६ मध्ये फिनलंडचे ५४८ गुण होते, २०२२ मध्ये ४८४ उरले. तिथले पालक आणि शिक्षक याची चर्चा अगदी उघडपणे करतात: मुलांचं वाचन का आटलं, भिंती नसलेल्या मोठ्या वर्गांत गोंगाट किती वाढला, लहान मुलावर स्वतःच्या अभ्यासाची जबाबदारी किती टाकायची. ऑगस्ट २०२५ पासून तासाच्या वेळी मोबाइल वापरण्यावर कायद्यानेच बंधन आलं आहे. दुपारचं मोफत जेवण, पंधरा मिनिटांची सुट्टी आणि सुतारकाम यांना मात्र कुणी हात लावलेला नाही.