लॉगिनदोष-निवारण (कार्यालयीन संगणकजाळे)

जाळ्यात जोडलेल्या कार्यालयीन संगणकावर एखाद्या कर्मचाऱ्याला आपल्या नावाने प्रवेश मिळत नसेल, तर दोष कुठे आहे ते हुडकून तो दूर करण्याचे काम. घरच्या संगणकावर पासवर्डची पडताळणी बहुधा त्याच यंत्रात होते. कार्यालयात ती डोमेनच्या (एकाच व्यवस्थेखाली नोंदलेल्या संगणकांच्या आणि खात्यांच्या गटाच्या) डोमेन कंट्रोलर या सर्व्हरवर होते. त्यामुळे केबल, डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा), घड्याळ, संगणकाची डोमेनमधली नोंद किंवा कर्मचाऱ्याचे खाते, यांपैकी काहीही बिघडले तरी तक्रार एकच येते : ‘लॉगिन होत नाही.’ त्यावर ‘पासवर्ड रीसेट करून देतो’ हा ठरलेला उपाय निम्म्या प्रकारांत लागूच पडत नाही. उलट खरा दोष झाकला जातो. प्रस्तुत नोंद विंडोज संगणक आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधील खात्यांची नोंद ठेवणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) या कार्यालयांत सर्रास आढळणाऱ्या जोडीपुरती आहे.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० बरोबर आली. तिची पडताळणी मुख्यतः कर्बेरॉस पद्धतीने चालते. ही पद्धत अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथीना प्रकल्पातून निघाली. तिच्यात पासवर्ड जाळ्यावरून जात नाही; सर्व्हर ठरावीक मुदतीचे तिकीट देतो आणि ते दाखवून फाइल सर्व्हर, प्रिंटर वगैरे वापरता येतात.

पहिली चाचपणी : तक्रार एका माणसाची आहे की एका संगणकाची, हे आधी ठरवावे. तोच कर्मचारी शेजारच्या टेबलावर लॉगिन होत असेल तर त्याचे खाते ठीक आहे, दोष यंत्रात किंवा त्याच्या केबलीत आहे. कुठेच होत नसेल तर खाते पाहावे. सगळ्या मजल्याचीच ओरड असेल तर टेबलांवर हिंडण्यात वेळ घालवू नये, सरळ स्विच (संगणकांच्या केबली जिथे जोडतात ती जाळ्याची पेटी) आणि सर्व्हर गाठावा.

येथे एक गोष्ट हमखास चकवते. विंडोज त्या यंत्रावर आधी येऊन गेलेल्या शेवटच्या १० जणांची ओळख, सेटिंग बदललेले नसेल तर, स्थानिक पातळीवर जपून ठेवते. म्हणून लॅन (कार्यालयातले जाळे) तुटलेली असतानाही रोजचा लिपिक बिनदिक्कत आत जातो आणि बदलीवर आलेल्या नव्या माणसाला ‘लॉगिन सर्व्हर उपलब्ध नाही’ असे ऐकवले जाते. मग नव्या खात्यावरच संशय घेतला जातो. प्रत्यक्षात सर्व्हर दोघांनाही दिसत नसतो.

सर्व्हर न दिसण्याचे नेहमीचे कारण डीएनएस. डोमेन कंट्रोलरचा पत्ता संगणक कार्यालयाच्या अंतर्गत डीएनएसला विचारतो. ‘नेट स्लो आहे’ म्हणून कोणी तिथे ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक पत्ता भरून ठेवला, की इंटरनेट झकास चालते, पण त्या सार्वजनिक सर्व्हरला कार्यालयाचे डोमेन ठाऊकच नसते. नेट चालू आहे म्हणजे जाळे ठीक आहे, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा.

घड्याळ : कर्बेरॉसमध्ये संगणक आणि सर्व्हर यांच्या वेळेत मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तिकीट नाकारले जाऊ शकते. जुन्या यंत्रात मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सेल स्वस्तात मिळतो, पण तो बदलायचे सुचेपर्यंत पासवर्ड दोनतीनदा बदलून झालेला असतो. टाइम झोन चुकला असेल तर ओळखणे आणखी अवघड. पडद्यावर सकाळचे सव्वादहा बरोबर दिसतात, मात्र झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असेल तर तुलना जागतिक वेळेशी होत असल्याने फरक हिवाळ्यात साडेतेरा तासांचा पडतो.

विश्वाससंबंध तुटणे : डोमेनमध्ये माणसांप्रमाणे संगणकाचेही खाते आणि पासवर्ड असतो. तो संगणक स्वतःच, साधारण दर ३० दिवसांनी, बदलतो. जुन्या बॅकअपवरून यंत्र पूर्ववत केले की त्याच्याकडे कालबाह्य पासवर्ड उरतो आणि ‘डोमेनशी असलेला विश्वाससंबंध तुटला’ असा संदेश येतो. केबल काढून जपलेल्या ओळखीवर आत जाता येते, ही जुनी युक्ती तेवढ्यापुरती कामाची आहे. पुढे स्थानिक प्रशासक खात्यातून पॉवरशेलमधील (विंडोजला आज्ञा टंकून देण्याच्या साधनातील) सर्व्हरशी असलेला सुरक्षित मार्ग दुरुस्त करणारी आज्ञा चालवली की बहुधा भागते. यंत्र डोमेनमधून काढून पुन्हा जोडण्याची प्रथा रूढ असली तरी दर वेळी तिची गरज नसते.

खाते लॉक होणे : सर्वांत चिवट तक्रार हीच. कर्मचारी पासवर्ड बदलतो, पण जुना पासवर्ड मोबाइलमधल्या मेलमध्ये, जोडलेल्या ड्राइव्हमध्ये किंवा दुसऱ्या यंत्रावर उघड्या राहिलेल्या रिमोट सत्रात तसाच राहतो. ती साधने तो पुन्हा पुन्हा पाठवतात आणि खाते लॉक होते. उघडून दिले तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच. अशा वेळी डोमेन कंट्रोलरच्या सुरक्षा-नोंदींत ४७४० क्रमांकाची घटना शोधावी. चुकीचा पासवर्ड कुठल्या संगणकावरून आला त्याचे नाव तिच्यात सहसा मिळते. फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाखाली होते. तिच्यातील उपकोडच्या शेवटी ६४ असेल तर त्या नावाचे खातेच नाही, ६ए असेल तर पासवर्ड चुकला, ७२ असेल तर खाते बंद केलेले, २३४ असेल तर लॉक. पडद्यावर मात्र नाव चुकले की पासवर्ड हे मुद्दाम सांगत नाहीत, कारण घुसखोराला खरी नावे कळू द्यायची नसतात.

पासवर्डची मुदत ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मुळात ४२ दिवसांची असते. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक काळाने सक्तीचा बदल नको असे सुचवले आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून ती अट काढली. तरीही अनेक कार्यालयांत ती चालू आहे, आणि लॉक होणाऱ्या खात्यांचा एक उगम तिथेच आहे.

मराठी कळफलक : महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालतो. लॉगिनच्या पडद्यावर भाषा मराठी राहिली तर पासवर्डची अक्षरे देवनागरीत उमटतात, आणि दिसतात फक्त ठिपके. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबून धरले की खुलासा होतो. कॅप्स लॉक, नम लॉक आणि नावापुढे चुकीचे डोमेन हेही याच जातीचे दोष.

तात्पुरते प्रोफाइल : येथे लॉगिन यशस्वी होते, पण डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि ‘माझ्या फायली गेल्या’ असा ओरडा होतो. वापरकर्त्याचे प्रोफाइल (त्याचा डेस्कटॉप, फायली आणि सेटिंग यांचा संच) उघडता न आल्याने विंडोजने कोरे प्रोफाइल दिलेले असते. जुन्या फायली सहसा डिस्कवर जागच्या जागी असतात. मात्र या कोऱ्या प्रोफाइलमध्ये केलेले नवे काम लॉगआउट होताच पुसले जाते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तिथे काहीही सेव्ह करू नये.