पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही

जुन्या पिकअपचा मागचा भाग बसला की नाशिककडचा गाडीवाला कमानपाट्याच्या, म्हणजे मागे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, गॅरेजात जाऊन उभा राहतो. "मामा, एक पाटा वाढवून द्या." टोमॅटोचा हंगाम तोंडावर असतो, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वीस-वीस किलोचे क्रेट भरून न्यायचे असतात, आणि हौदा भरला की मडगार्ड टायरला टेकायला बघतं. मामा पाटा वाढवून देतात. गाडी मागून उचलली जाते. मग गाडीवाला म्हणतो, चला, आता दोन क्विंटल जास्त मारायला हरकत नाही. इथपर्यंतचं सगळं बरोबर असतं, हे शेवटचं वाक्य सोडून. गाडीचं पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजन, पाट्याने वाढत नाही.

पाटा वजन कमी करत नाही. हौद्यातलं वजन चासीकडून घेऊन एक्सलला द्यायचं, एवढंच त्याचं काम. पाटा मऊ असो की कडक, एक्सलवर तेवढेच किलो पडतात. बदलतं ते इतकंच, की तेवढ्या वजनाखाली गाडी किती दबेल. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये हा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला: जितकं ताणणं, तितका जोर. वजन दुप्पट केलं तर स्प्रिंग दुप्पट दबते. किती किलोला किती सेंटिमीटर, हा त्या स्प्रिंगचा कडकपणा.

कमानपाट्याचा कडकपणा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: पाटे किती, लांबी किती, जाडी किती. पाट्यांच्या संख्येचा हिशेब सरळ आहे. आठ मिलिमीटरच्या पाच पाट्यांत तसाच, तेवढाच लांब सहावा घातला तर कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. जाडीचं गणित मात्र घनात चालतं. त्याच जागी दहा मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा आठच्या जवळजवळ दोन पाट्यांचं काम करतो आणि कडकपणा ३९ टक्क्यांनी वाढतो. पत्त्यांचा जोड हातात धरून वाकवला तर पानं एकमेकांवरून सरकतात, म्हणून तो सहज वाकतो. तीच पानं डिंकाने चिकटवली तर वाकवताना घाम फुटेल. पाट्यांचंही तसंच. आठचे पाच पाटे एकमेकांवर सरकतात म्हणून त्यांची बेरीज पाच होते. तेच एकजीव करून चाळीस मिलिमीटरची पट्टी केली तर कडकपणा एका पाट्याच्या १२५ पट होईल. पाट्यांच्या मधे गंज चढून ते जाम झाले की गाडी विनाकारण टणक लागते, त्याचं कारण हेच. अशा वेळी पाटा वाढवण्याआधी जोड खोलून साफ करणं जास्त शहाणपणाचं.

हा घनाचा नियम उलट्या दिशेनेही चालतो, आणि जुन्या गाडीत तोच जास्त महत्त्वाचा. इगतपुरीच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचा जोड खोलला की पाट्यांची टोकं, जिथे ती एकमेकांवर घासतात तिथे, खपल्या धरून पातळ झालेली दिसतात. आठ मिलिमीटरचा पाटा सगळीकडून झिजून सातवर आला, तर त्याचा कडकपणा ३३ टक्क्यांनी घटला. डोळ्यांना एक मिलिमीटर, हिशेबात एकतृतीयांश. साधा कॅलिपर लावून हे दहा मिनिटांत कळतं. पण गॅरेजात कॅलिपर फार कमी वेळा बाहेर निघतो, हातोडा लगेच निघतो.

हातोड्यावरून भट्टी आठवली. बसलेला पाटा तापवून, ठोकून त्याला पुन्हा कमान देतात. त्याने गाडीची उंची परत येते, कडकपणा वाढत नाही. पोलादाची लवचिकता, म्हणजे किती जोराला किती वाकणार, ही त्याच्या कठीण किंवा मऊ असण्यावर जवळजवळ अवलंबून नसते. खिडकीच्या गजाचं साधं लोखंड आणि स्प्रिंगचं सिलिकॉन-मँगनीज पोलाद, दोन्हींचा आकडा २०० गिगापास्कलच्या आसपास. फरक पुढे पडतो. साधी पट्टी थोडी जास्त वाकवली की वाकलेलीच राहते, स्प्रिंगचं पोलाद कितीतरी जास्त ताण सोसून परत सरळ येतं. हा गुण त्याला कारखान्यात नेमक्या तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानावर आणून दिलेला असतो. शिवाय पाट्याच्या एका बाजूवर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करतात. वजन पडलं की कमान सरळ होऊ पाहते, त्यामुळे वरची, खोलगट बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच जातो. छर्‍यांनी ती बाजू आधीच दाबून ठेवलेली असते, म्हणून तडा उशिरा पडतो. भट्टीत लाल केलेल्या पाट्यात हे दोन्ही पुसलं जातं. नीट विझवणी न केलेला असा पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो, नाहीतर सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. वेल्डिंग करून जोडलेल्या पाट्याबद्दल तर बोलायलाच नको.

जाड पाटा घालण्यातही एक मेख आहे. जोडातले सगळे पाटे जवळपास सारखेच वाकतात, आणि सारख्या वाकण्याला जाड पाट्याच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो. आठच्या जोडात दहाचा पाटा घातला तर त्याच्यावर २५ टक्के जास्त. म्हणून मोठ्या गाडीचा जुना जाड पाटा कापून पिकअपला बसवला की बहुतेक वेळा तोच आधी तुटतो, आणि दोष रस्त्यातल्या खड्ड्याला मिळतो.

आता रिकामी गाडी. गाडी सेकंदाला किती हेलकावे खाणार हे ती स्वतःच्या वजनाने किती दबली आहे यावरून काढता येतं. दाब सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, त्याने ५ ला भागा. सेकंदाला किती हेलकावे ते मिळतं. समजा एका पिकअपच्या मागच्या पाट्यांवर रिकामी असताना ४०० किलो येतात आणि भरल्यावर सुमारे १,६००. रिकामी गाडी ४ सेंटिमीटर दबली तर सेकंदाला अडीच हेलकावे. भरलेली १६ दबली तर सव्वा. पाटे ४० टक्क्यांनी कडक केले की रिकाम्या गाडीचे हेलकावे तीनच्या घरात जातात. वाशीला माल टाकून रिकामा परतणारा ड्रायव्हर कसाऱ्यापासून घरापर्यंत हे तीन हेलकावे कमरेत मोजत येतो. दिंडोरीची द्राक्षं नेणाऱ्याला तर ही गोष्ट परवडतच नाही, कारण अर्धी-कच्ची भरलेली गाडी उडाली की घडातले मणी गळतात.

यावरचा उपाय हेल्पर पाटा. तो मुख्य जोडाच्या वर, टोकं मोकळी सोडून बसवतात. रिकाम्या गाडीत तो कामच करत नाही. वजन पडून चासी खाली आली की त्याची टोकं चासीच्या पॅडला टेकतात आणि मग तो भार घेतो. माझं मत विचाराल तर जुन्या पिकअपला सरसकट पाटा वाढवण्यापेक्षा, मूळ जाडीचे नवे पाटे आणि त्यांवर कंपनीच्या मापाचा हेल्पर, हाच सरळ मार्ग. सोबत बुश, पिन आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा, हेही बघून घ्यावेत. शॅकल जाम असेल तर पाट्याला लांब व्हायला जागाच मिळत नाही. शॉकअपही बदलावे लागतात. कडकपणा ४० टक्क्यांनी वाढला तर तितक्याच हेलकाव्यांत गाडी शांत करायला शॉकअपचा जोर सुमारे १८ टक्के जास्त हवा. जुने, तेल गळणारे शॉकअप तसेच ठेवले तर नव्या पाट्यांवर गाडी आधीपेक्षा जास्त नाचते.

ज्या गोष्टीकडे जवळजवळ कुणी बघत नाही ती ब्रेकची आहे. अनेक पिकअपच्या मागे, चासी आणि एक्सल यांच्या मधे, एक बारीक दांडी असते. ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. चासी खाली बसली की दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलेली आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असेल तर तो दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं आधी जाम होऊन गाडीचा मागचा भाग आडवा फिरत नाही. व्हॉल्व्हला किलो कळत नाहीत, उंची कळते. पाटे कडक केले की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक अर्धपोटी राहतो. काही जण ती दांडी भरलेल्या गाडीच्या स्थितीत तारेने बांधून टाकतात; मग पावसात रिकाम्या गाडीचा ब्रेक मारला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. पाटे बदलल्यावर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घेणं, हा त्याच कामाचा भाग धरायला हवा.

कसारा घाटात याचा हिशेब चुकता होतो. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत साधारण ३०० मीटरचा उतार आहे. एकूण तीन टनांची गाडी तो उतरते तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे जवळजवळ अडीच युनिट वीज. काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन घेतं, काही हवा, बाकी सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. यात पाट्यांचा वाटा शून्य.

टायर आणि बेअरिंगचं तसंच. टायरच्या बाजूवर १०६/१०४ असं छापलेलं असेल तर १०६ म्हणजे एकेरी टायरला ९५० किलो, तेही पूर्ण हवा असताना. मागच्या दोन टायरांना मिळून १,९०० किलो. आता रिकाम्या गाडीच्या मागच्या एक्सलवर ६०० किलो धरा आणि हौद्यात ६५ क्रेट, म्हणजे १,३०० किलो टोमॅटो. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे आणि दोन्ही एक्सलमधलं अंतर तीन मीटर असेल तर ९० टक्के भार मागे जातो. झाले १,७७० किलो. क्रेट स्वतः दीड-दोन किलोचा असतो; ६५ क्रेटचं नुसतं प्लास्टिकच क्विंटलभर होतं. म्हणजे काठावर आलो. आता वर दहा क्रेट ठेवा, टायरची मर्यादा संपली. आणि हे क्रेट फाळक्यावर, एक्सलच्या मागे रचले तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत लागतं. रोलर बेअरिंगचं आयुष्य भार २० टक्क्यांनी वाढला तर जवळपास निम्म्यावर येतं. पाटा कितीही कडक असला तरी बेअरिंगला ते माहीत नसतं.

म्हणून पाट्याच्या दुकानाआधी भुईकाटा गाठावा. आधी पुढची चाकं, मग मागची, असं वेगवेगळं वजन करून घ्यावं आणि आरसीवरचं एकूण वजन शेजारी ठेवावं. पासिंग कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेवर ठरतं, गॅरेजच्या बिलावर नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड लिहिलेला आहे.

काम झाल्यावर पाट्यांचा जोड एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घालून घ्यावेत. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो पुन्हा तसा आवळत नाही. नवे बोल्टही भरलेल्या गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांत थोडे बसतात आणि ढिले होतात, म्हणून टॉर्क पाना लावून कंपनीच्या मापाला ते पुन्हा आवळावे लागतात. ढिल्या बोल्टमध्ये पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशीच वाकायला लागतो आणि नवा जोडही तिथेच तुटतो. मग गाडीवाला म्हणतो, पाटा डुप्लिकेट निघाला.