प्लाऊने मेलबॉक्स पाडला तर भरपाई सरकार देतं?

अमेरिकेत बर्फाच्या भागात राहणाऱ्या आपल्या लोकांत दर हिवाळ्यात एक गोष्ट फिरते, की घरासमोर रस्त्याकडेला खांबावर असलेला मेलबॉक्स (टपालपेटी) फेडरल प्रॉपर्टी, म्हणजे केंद्र सरकारची मालमत्ता असतो आणि स्नो प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या गाडीने, तो पाडला की सरकारला नवीन बसवून द्यावाच लागतो. तसं नाहीये हो. बॉक्स आणि खांब विकत तुम्ही घेता, ते नीट ठेवायची जबाबदारीही तुमचीच. फेडरल कायदा आहे, पण तो मुद्दाम तोडफोड करणाऱ्यांसाठी, प्लाऊवाल्यासाठी नाही.

भरपाई तुमच्या टाऊन किंवा काउंटीच्या नियमावर ठरते, आणि बऱ्याच ठिकाणी नियम असा की प्लाऊचं पातं थेट लागलं असेल तरच, तेही ठरावीक रकमेपर्यंत. ओल्या जड बर्फाची लाट उडून खांब मोडला तर सहसा काही मिळत नाही. आमच्या शेजारच्या काकांचा खांब असाच गेला, बघितलं तर लाकूड जमिनीलगत कुजून भुसा झालेलं, पात्याचा एक ओरखडाही नाही, आणि ते बिचारे पोस्टात फोन करत बसले.

म्हणून बर्फ हलवायच्या आधी फोटो काढा आणि फोन रस्ते बघणाऱ्या ऑफिसला करा. बॉक्सचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच वर आणि दार कर्बपासून (रस्त्याच्या कडेपासून) ६ ते ८ इंच आत लागतं, हे चुकलं तर क्लेम तिथेच अडकू शकतो. आणि जमीन गोठायच्या आधी, ऑक्टोबरातच, खांब हाताने हलवून बघा.