मायकोफेनोलेट घेता? संपलेली स्ट्रिप फेकू नका

ल्यूपससाठी (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) मायकोफेनोलेट घेणारे बरेच पेशंट आमच्याकडून औषध नेतात. गोळी कशासाठी, ते डॉक्टरांनी सांगितलेलंच असतं. हा कागद छापलाय तो काउंटरवर वारंवार होणाऱ्या एका घोटाळ्यासाठी.

फोन येतो, "ती मायकोची गोळी पाठवून द्या." नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो येतो: कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा, त्यावर दोन गोळ्या आणि अर्धं नाव. आता ही कुठली समजायची?

मायकोफेनोलेट दोन प्रकारचं मिळतं. मोफेटिल २५० आणि ५०० मिलिग्रॅममध्ये, सोडियम १८० आणि ३६० मध्ये. पोटात गेल्यावर दोन्हींचं औषध एकच होतं, पण आकडे वेगळे. ५०० चं मोफेटिल म्हणजे साधारण ३६० चं सोडियम. हे माहीत नसलं की ३६० बघून "डोस कमी केला वाटतं" म्हणत कुणी दीड गोळी घेतं. सोडियमच्या गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, ती मोडायचीच नसते. उलटंही होतं. ३६० ऐवजी १८० घरी गेली आणि गोळ्यांची संख्या तीच ठेवली, तर डोस निम्म्यावर येतो. किडनीला ल्यूपस असलेल्या पेशंटला हे परवडत नाही.

म्हणून चिठ्ठी आणि मागची स्ट्रिप पाहिल्याशिवाय आम्ही गोळी देत नाही. "पलीकडच्या दुकानात काही विचारत नाहीत," असं ऐकून घेतो, तरी विचारतोच. स्ट्रिप नसेल तर डॉक्टरांना फोन लावून प्रकार विचारण्यात तुमचा अर्धा तास जातो. गोळ्या नावाच्या विरुद्ध टोकाकडून काढत चला, म्हणजे नाव आणि ताकद शेवटपर्यंत राहील.

रक्ताचा रिपोर्ट मागतो तेव्हा काहीजणांना राग येतो. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करायला सांगतात. तारीख उलटली असेल तर आठवण करून देतो, एवढंच. ताप, घशाची दुखणी, अंगावर विनाकारण निळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मनाने गोळी बंद करू नका आणि चुकलेल्या वेळेची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दुप्पटही घेऊ नका.

ॲसिडिटीचं पातळ औषध या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका. त्यातल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियममुळे गोळी नीट शोषली जात नाही. कुठलीही लस घेण्याआधी विचारा, जिवंत जंतूंच्या लसी या काळात टाळायच्या असतात.

मूल हवं असेल तर ताईंनी आधी डॉक्टरांशी बोलावं. या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी ते बदलावं लागतं. हे काउंटरवर चारचौघांत बोलायला अवघड वाटत असेल तर दुपारी गर्दी नसताना या.

दोन्ही प्रकार आमच्याकडे शिल्लक असतात. तुमची कंपनी आणि ताकद वहीत नोंदवून ठेवतो, न विचारता कंपनी बदलत नाही. दिवसाला ४ गोळ्या असतील तर १० ची स्ट्रिप अडीच दिवसच पुरते, तेव्हा शेवटच्या दोन स्ट्रिप उरल्या की कळवा. रविवारी दुकान बंद असतं.