पुनर्भेटीचा सिनेमा निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

शाळा-कॉलेजच्या जुन्या मंडळींचं संमेलन ठरलं की आमच्याकडे हमखास एक मागणी येते: "ते दोघं पुन्हा भेटतात ना, तसला एखादा सिनेमा दाखवा." जरूर दाखवू. पण 'तसले' सिनेमे सगळे एका माळेचे मणी नाहीत. काहींनंतर गप्पा रंगतात, काहींनंतर माणसं न बोलता चपला शोधू लागतात. म्हणून नाव पक्कं करण्याआधी हे वाचा.

शेवट आधी विचारून घ्या. पाहुण्यांना सांगू नका, पण आयोजकाला तो ठाऊक हवा. दोघं भेटणार हे पोस्टरवरच दिसतं. पुढे काय, हा खरा प्रश्न. मधल्या काळात कुणाचं तरी लग्न झालेलं असतं, आणि तो तिसरा माणूस खलनायक केला की गोष्ट स्वस्त होते. 'पास्ट लाइव्ह्ज' (२०२३) मधला नवरा समजूतदार आहे, म्हणूनच तो सिनेमा छळतो. दिग्दर्शिका सेलीन साँग यांनी नवरा आणि बालमित्र साकारणाऱ्या नटांना त्यांचा पहिला एकत्र प्रसंग चित्रित होईपर्यंत भेटूच दिलं नव्हतं. तो अवघडलेपणा बघण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट नटांची. तरुणपणी एक जोडी आणि मोठेपणी दुसरी, ही नेहमीची सोय. चेहरा जुळला नाही तर प्रेक्षक कुजबुजतात, "हा तोच का?" आमच्या मते चेहऱ्यापेक्षा लकब जुळणं महत्त्वाचं. 'बिफोर सनसेट'ला हा प्रश्नच नव्हता: १९९५च्या पहिल्या भागातले ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी २००४मध्ये खरोखरच नऊ वर्षांनी मोठे होऊन आले. लांबी जेमतेम ८० मिनिटं, त्यामुळे कार्यक्रमात सहज बसतो. मात्र त्यात सगळं बोलणंच आहे, हे ध्यानात घ्या.

संमेलनासाठी आमची पहिली पसंती तमीळ '९६' (२०१८). तंजावरच्या शाळेतली जोडी २२ वर्षांनी बॅचच्या मेळाव्यात भेटते आणि पुढची रात्र चेन्नईत सरते. शाळेपासून तो तिच्याकडे एकच गाणं मागत आलाय आणि ती दरवेळी टाळतेय. त्याच्या घरी वीज जाते, तो अंधारात दिवा शोधत असतो, तेव्हा ती ते म्हणते. त्याची धांदल बघा. दोन संवादांनी जे झालं नसतं ते तिथे होतं. लांबी अडीच तासांहून जास्त, मध्यंतर ठेवाच.

जाक देमींचा 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर' (१९६४) मागणारे थोडे, पण दर्दी. त्यात पेट्रोल भरण्याचं बोलणंसुद्धा गाऊन होतं. पाहुण्यांना आधी सांगितलं नाही तर पहिली दहा मिनिटं हशा पिकतो.

परभाषेतला सिनेमा असेल तर उपशीर्षकं पडद्याच्या तळाशी येतात आणि सपाट हॉलमध्ये पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. आम्ही पडदा उंच लावतो. छत किती उंच आहे ते तेवढं कळवा.

परवानगीचंही बघावं लागतं. घरची डिस्क किंवा ओटीटीची वर्गणी म्हणजे सभागृहात दाखवायची मुभा नव्हे. ती हक्कधारकांकडून वेगळी घ्यावी लागते. पत्रव्यवहार आम्ही करतो, पण उत्तर त्यांच्या सवडीने येतं. नाव लवकर ठरवा, आणि नकार आलाच तर दुसरं एक तयार ठेवा.